बांधापलीकडचं सोनं

१

आमच्या घराचं पुढचं दार कोणीच वापरत नव्हतं. वापरणार कोण? अमेरिकेत माणूस गाडीतून येतो, बटण दाबून गॅरेजचं दार वर करतो, गाडी आत घालतो आणि गॅरेजमधल्या छोट्या दाराने थेट स्वयंपाकघरात उगवतो. पुढचं दार असतं पाहुण्यांसाठी, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या या डोंगराळ गावात आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. घर नवं होतं तेव्हा मी त्या दाराची पितळी मूठ दर शनिवारी घासायची. पुढे कंटाळले. दारामागे व्हॅक्यूम क्लीनर, जुन्या पेपरांचे गठ्ठे आणि मुलीचे स्केट्स येऊन बसले.

माझा नवरा प्रताप इथल्या छोट्या हॉस्पिटलात सर्जन आहे. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइड बघते. दिसतं तेच लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही, ही माझी कामाची सवय आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की बाई एकटेपणाने भ्रमिष्ट झाली. एकटी होते हे खरंच आहे. नीला कॉलेजसाठी बॉस्टनला गेल्यापासून तर इतकी, की दुकानातल्या कॅशिअरने ‘हाउ आर यू’ विचारलं की तिला खरं उत्तर द्यावंसं वाटायचं.

प्रताप वाईट नाही, फक्त बोलत नाही. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, मुलगा शांत आहे. शांत म्हणजे काय ते मला संसारात पडल्यावर कळलं. लग्नानंतर मी त्याला ‘अहो’ म्हणायची. अमेरिकेत आल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्याचं ‘अरे’ झालं. तेव्हाही त्याने काही म्हटलं नाही. घरी आला की जेवायचा, फुटबॉल लावायचा, बीपर वाजला की निघून जायचा.

त्याची एक सवय मात्र होती. कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी तो खाकरायचा. साताऱ्याला त्यांचं घर बायकांनी भरलेलं, पुरुषमाणूस येतोय हे आतल्यांना कळावं म्हणून सगळे खाकरून आत येत. इथे घरात मी एकटी, पदर सावरायची भानगड नाही, तरी गॅरेजच्या दारापाशी ते दोनदा खाकरणं ठरलेलं. तेच त्याचं ‘आलो गं’ होतं, आणि मी त्याच्यावरच भागवत होते.

२

दर रविवारी प्रताप डोंगरावर जायचा. गावापासून गाडीने तासाभरावर एक उंच पठार आहे. लोक त्याला नुसतं ‘द बॅरन्स’ म्हणतात. झाडं जवळजवळ नाहीतच. जी चार-दोन स्प्रूसची आहेत त्यांना वाऱ्यामुळे एकाच बाजूला फांद्या आहेत. बाकी खडक, पाणथळ शेवाळ आणि गुडघ्याएवढी ब्लूबेरीची झुडपं. ऑक्टोबरात ती झुडपं लालभडक होतात आणि सगळा माळ पेटल्यासारखा दिसतो.

त्या माळावर एक बांध आहे. मातीचा, छातीएवढा उंच, गवताने आणि झुडपांनी झाकलेला. तो वळत वळत धुक्यात जातो आणि, प्रतापच्या म्हणण्याप्रमाणे, फिरून स्वतःलाच येऊन मिळतो. गाड्या लावायच्या जागी जंगलखात्याची एक लाकडी पाटी आहे. फार जुनं मातीकाम, कोणी केलं माहीत नाही, कृपया वर चढू नका, एवढंच तिच्यावर लिहिलंय.

एकदा मीही त्याच्याबरोबर गेले होते. प्रताप लहानपणापासून गड चढलेला माणूस. बांधावर उभं राहून त्याने मला आतली बाजू दाखवली. तिथे बांधाच्या पायथ्याशी खोल चर होता, काळ्या पाण्याने भरलेला.

“खंदक आत आहे,” तो म्हणाला. “गडाचा खंदक बाहेर असतो. बाहेरच्याला आत येता येऊ नये म्हणून. यांनी उलटा काढलाय.”

आत काय आहे, असं मी विचारलं. काही नाही, ब्लूबेरी, असं त्याने सांगितलं. त्या वर्षातलं आमचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. बांधणाऱ्यांना अक्कल नव्हती म्हणून मी हसले. प्रताप हसला नाही. तो बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला आणि मला थंडी वाजायला लागली.

३

शहाऐंशी साली दसरा नेमका रविवारी आला. एरवी आम्ही तो पिट्सबर्गच्या मंडळींच्या सोयीने पुढच्या-मागच्या शनिवारी करायचो, सोनेरी कागदाची पानं कापून. त्या वर्षी गिरीश आणि संध्या तिकडून आमच्याकडे जेवायला येणार होते. मी दोन दिवस आधी चक्का टांगला होता.

दुपारी निघताना प्रताप दारात थांबला. म्हणाला, “आज सीमोल्लंघन करून येतो. तिथे बांध आहेच. तू ताट तयार ठेव, मी पुढच्या दाराने येतो.”

अमेरिकेत आल्यापासून या माणसाने सणाचं म्हणून स्वतःहून काही केलेलं मला आठवत नाही. त्यांच्याकडे साताऱ्याला पुरुष शीव ओलांडून सोनं घेऊन आले की दारात उभे राहत. बायका ओवाळत, मग ते आत येत. ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, कोणाला हाक मारायची नाही, मुकाट्याने उभं राहायचं. हे त्यानेच मला लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सांगितलं होतं.

तो गेल्यावर मी दारामागचा सगळा पसारा काढला. मूठ घासली. पोर्च झाडून रांगोळी काढली, झेंडूचं तोरण लावलं. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, माझी अंगठी. शेजारच्या मिसेस हार्मन कुत्र्याला फिरवत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, समवन्स कमिंग? मी अभिमानाने हो म्हटलं.

संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. संध्या होती. “पद्मिनी, सॉरी यार, गिरीशला ऑन-कॉल टाकलंय. आम्ही कॅन्सल करतोय.” मग ती बराच वेळ त्याच्या हॉस्पिटलला नावं ठेवत राहिली. मी हो-हो म्हणत श्रीखंडाच्या पातेल्याकडे बघत होते. तेवढ्यात गॅरेजची मोटर घरघरली, छोटं दार उघडलं आणि प्रताप स्वयंपाकघरात आला.

मी फोन ठेवला. पुढून येणार होतास ना, असं विचारलं. विसरलोच, म्हणाला. सोनं? ते राहिलं. मला राग आला, वाईटही वाटलं. पण मग तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “कोणाचा फोन होता? इतकी का उतरलीस?”

असं त्याने मला कधी विचारलं नव्हतं. संध्याचं सांगितलं, रांगोळीचं सांगितलं, मग कसं कोण जाणे, नीला गेल्यापासूनचं सगळंच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पुऱ्या मी लाटल्या, त्याने तळल्या. टीव्ही लागलाच नाही. गॅरेजचं दार लावायला गेले तेव्हा डाव्या टाचेचा कोपरा तुटलेले त्याचे जुने बूट नीट जोडून ठेवलेले होते, कोरडे, स्वच्छ. बॅरन्सवरून येताना ते कधी चिखलाशिवाय आलेले मी पाहिले नव्हते. आज बांधावरूनच परतला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि तो आत येताना खाकरला नव्हता, हे झोपायच्या वेळी माझ्या लक्षात आलं.

४

पुढचे दिवस माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. हे लाजून सांगण्यात अर्थ नाही. प्रताप वेळेवर घरी यायचा, माझ्याशेजारी उभा राहून भाजी चिरायचा. माझ्या लॅबमधल्या बायकांची नावं त्याला पाठ झाली. हॉस्पिटलातही सगळे खूश होते. डॉक्टर हल्ली पेशंटजवळ बसून बोलतात, असं नर्सेस मला येऊन सांगायच्या. ऑपरेशनं नेहमीसारखीच चांगली होत होती.

नीलाचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, बाबा बदललेत गं. ती हसली. “मॉम, ही इज फायनली टॉकिंग टू यू. व्हॉट्स द प्रॉब्लेम?” प्रॉब्लेम काहीच नव्हता. मी विषय बदलला.

मग त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. दिवे लावायची वेळ. प्रताप मला त्याच्या लहानपणची काहीतरी गंमत सांगत होता. आणि पुढच्या दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. दोनदा.

कप माझ्या हातात तसाच राहिला. तो आवाज मी गर्दीतसुद्धा ओळखला असता. आणि ज्याचा तो आवाज, तो तर माझ्यासमोर बसून बिस्कीट चहात बुडवत होता. आवाज आला का तुला, असं मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि गंमत पुढे सांगायला लागला.

सकाळी मी दार उघडून बघितलं. रांगोळी फिस्कटली होती. तिच्यावर दोन बुटांचे ठसे होते, दाराकडे तोंड करून, ओल्या काळ्या मातीचे. आमच्या गावची माती तांबूस आहे. तिथे कोणीतरी बराच वेळ उभं राहिलं होतं, कारण ठशांभोवती पाणी निथळून सुकल्याचे डाग होते.

पोस्टमन असेल, म्हटलं. शिकारीचा मोसम आहे, कोणी रस्ता चुकून विचारायला आला असेल. पोर्च धुऊन काढला. धुताना मात्र डोक्यात भलताच हिशेब चालू होता. बॅरन्सपासून इथपर्यंत माणूस चालत निघाला, तर त्याला किती दिवस लागतील?

५

त्या संध्याकाळनंतर ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की खाकरण्याचा आवाज. बेल नाही, हाक नाही. कधी मी हॉलमध्ये जाऊन उभी राहायची. पुढच्या दाराशेजारी एक उभी, खडबडीत काच आहे, तिच्यातून नुसते आकार दिसतात. आकार असायचा. माणसाच्या उंचीचा, न हलणारा, दोन्ही हात छातीशी धरलेला. मी पोर्चचा दिवा लावला की काच नुसती पिवळी व्हायची आणि पलीकडे कोणी आहे की नाही ते कळायचं नाही.

प्रताप हॉलमध्ये यायचा नाही. हे मला हळूहळू दिसायला लागलं. पूर्वी तो पेपर आणायला तरी तिकडे जायचा. आता जिन्यापर्यंत यायचा आणि तिथून मला हाक मारायचा. “पद्मा, ये ना. चहा गार होतोय.” इतक्या मायेने, की मी जायची.

शेवटी एका शनिवारी मी त्याला म्हटलं, मला त्या बांधाकडे घेऊन चल. तो लगेच हो म्हणाला नाही. मग निघाला. वाटेत बोलत होता, पण घाट चढायला लागलो तसा गप्प झाला. गाडी लावल्यावर त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सांगितलं, “तू जाऊन ये. मी इथेच बसतो.”

मी एकटीच चालत गेले. पानगळ झाली होती. झुडपांच्या नुसत्या काटक्या, आणि वारा. दुसरं माणूस नाही, पक्षी नाही. पाटीकडे दुर्लक्ष करून मी बांधावर चढले आणि पलीकडे बघितलं.

चराच्या पलीकडे, आतल्या बाजूला, एका खडकाशेजारी प्रतापचा निळा थर्मास आडवा पडलेला होता. त्याच्याजवळच्या झुडपांच्या फांद्या मोडलेल्या होत्या, ओंजळीने पानं ओरबाडल्यासारख्या. आणि चराच्या काठच्या काळ्या चिखलात पावलं होती. आत जाणारी एका माणसाची. बाहेर येणारी शेजारी शेजारी, जोडीने. दोन्हींच्या बुटांचा तळ एकच होता. डाव्या टाचेचा तो तुटलेला कोपरासुद्धा.

तो दर रविवारी येतो, मी म्हटलं. दोन रविवारचे ठसे असतील. मोठ्याने म्हटलं, कोणी ऐकायला नव्हतं तरी. मग मला पहिल्यांदा ते खंदकाचं नीट समजलं. बांधणाऱ्यांना अक्कल होती. ज्याला अडवायचं होतं, ते बाहेर नव्हतंच. आमचा हा शहाणा सीमोल्लंघन म्हणून बांध ओलांडून गेला, आणि ज्या जागेला तो शिवेबाहेर समजला, तिथे आत कोणाला तरी कोंडून ठेवलेलं होतं.

थर्मास आणायला मी उतरले नाही. परत आले तेव्हा गाडीत तो तसाच समोर बघत बसला होता, बांधाकडे पाठ करून. मी दार लावल्यावर त्याने विचारलं, “ओलांडला नाहीस ना?” नाही म्हटल्यावर त्याने सुस्कारा सोडला आणि माझा हात हातात घेतला. हात उबदार होता. मी काढून घेतला नाही.

६

मी काय करायला हवं होतं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण विचार करा. आत एक माणूस आहे, जो माझं ऐकतो, मला हसवतो, रात्री पांघरूण सारखं करतो. बाहेर एक आहे, जो माझ्याशी वर्षानुवर्षं धड दोन वाक्यं बोलला नाही. आणि तोच माझा नवरा असला तर? मी त्याला थंडीत दाराबाहेर उभं केलंय, कारण आतला मला आवडायला लागलाय.

आणि नसला तर? बाहेर उभं आहे तेच जर चरापलीकडून आलेलं असलं, तर दार उघडून मी कोणाला घरात घेणार होते? आतल्याने सोनं आणलं नव्हतं. बाहेरच्याच्या छातीशी धरलेल्या हातांत काहीतरी होतं. त्याच्यावरून काय ठरवायचं, हेही मला कळेना.

नोव्हेंबरात एका सकाळी पायपुसण्यावर एक पान मिळालं. ब्लूबेरीचं, लालभडक. डोंगरावर सगळं कधीच गळून गेलं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले होते. पान लॅबमध्ये नेलं, काप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवलं. साधं पान होतं. पेशी टवटवीत, आत्ता खुडल्यासारख्या. ते कागदात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवलं.

खाकरणं आता बारीक होत चाललं होतं. आधी दोनदा, मग एकदाच. त्याच्यात कफाची घरघर होती. कधी कधी खाकरल्यावर दाराला टेकल्याचा हलका आवाज यायचा. मी नर्सेसबरोबर इतकी वर्षं काढली आहेत. छातीत पाणी झालेल्या माणसाचा आवाज मला कळतो.

७

पहिला बर्फ पडायला लागला तो दुपारी. संध्याकाळपर्यंत मिसेस हार्मनचं कुंपण दिसेनासं झालं. आम्ही स्वयंपाकघरात होतो. प्रताप मटार सोलत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते, आणि माझ्या मनात काय चाललंय ते त्याला कळलं असावं. तो नेहमीसारखा हळुवारपणे म्हणाला, “काळजी करू नकोस. बर्फ पडला की तो यायचा थांबेल.”

मी त्याला बाहेरच्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. आवाज आला का, एवढंच त्या पहिल्या दिवशी विचारलं होतं.

मी उठले. देवापुढचं तबक घेतलं, निरांजनात तूप घातलं, वात लावली. कुंकू, अक्षता, सुपारी. बोटातली अंगठी काढून ठेवली. सगळं क्रमाने केलं. मटार सोलण्याचा आवाज थांबला होता. हॉलमध्ये येऊन मी व्हॅक्यूम क्लीनर आणि पेपरांचे गठ्ठे पायाने बाजूला सारले. दसऱ्यानंतर ते पुन्हा तिथे मीच आणून ठेवले होते.

तो जिन्यापर्यंत आला. पुढे आला नाही.

“पद्मा, त्याला आत घेऊ नकोस.”

का, असं मी विचारलं. मागे वळले नाही.

“तो तुझ्याशी बोलणार नाही. तुला ठाऊक आहे. तू पुन्हा एकटी पडशील.” मग अगदी हळू, “मी बरा नाही का?”

मला रडू आलं. कारण बरा होता. बाहेरच्यापेक्षा शंभर पटीने बरा होता, आणि ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. दाराबाहेर कोणीतरी खाकरायचा प्रयत्न केला. तो आवाज पुरा झाला नाही.

मी दार उघडलं.

वारा आत आला, पण ज्योत विझली नाही. मला काय दिसलं तेवढंच सांगते. कोटाची कॉलर, तिच्यावर बर्फ. हनुवटीवर वाढलेली पांढरी दाढी. ओंजळ, आणि ओंजळीत लाल पानं, ताजी. बोटं काळीनिळी पडलेली. चेहरा मी बघितला नाही. ओवाळताना कपाळाकडे बघतात. मी कपाळाकडे बघितलं आणि कुंकवाचं बोट टेकवलं. कपाळ लॅबच्या फ्रीजमधल्या काचेइतकं गार होतं. अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. त्याने ओंजळ माझ्या हातात रिकामी केली. दसऱ्याला सोनं देताना जे म्हणतात त्यातलं काहीही तो म्हणाला नाही.

मग तो खाकरला आणि आत आला. माझ्या पाठीमागे, घराच्या दुसऱ्या टोकाला, गॅरेजची मोटर सुरू झाली. दार वर गेल्याचा आवाज आला. मग ते खाली आलं.

८

प्रताप आठवडाभर तापात होता. न्यूमोनिया निघाला, पायाची दोन बोटं काढावी लागली. हॉस्पिटलात सगळ्यांना वाटलं, बर्फात चालायला गेला असणार. बरा झाल्यावर तो कामावर गेला. डॉक्टर पुन्हा गप्प का झाले, असं एका नर्सने मला विचारलं. आजारपणामुळे, असं मी सांगितलं.

मला त्याने काही विचारलं नाही. मीही नाही. घरी येतो, जेवतो, फुटबॉल लावतो. कधी टीव्हीकडे बघता बघता त्याचे डोळे माझ्याकडे वळतात आणि काहीतरी बोलेल असं वाटतं. मग बीपर वाजतो. पानं देवापुढच्या वाटीत आहेत, अजून लाल आहेत.

गॅरेज आम्ही आता वापरत नाही. गाडी बाहेर बर्फात उभी असते, आणि दोघंही पुढच्या दाराने येतो-जातो. मिसेस हार्मनना याचं फार नवल वाटतं. गॅरेजकडे जाणाऱ्या छोट्या दाराला मी स्वतः खिट्टी बसवली आणि वर कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे असते.

ते दार ओट्याच्या अगदी शेजारी आहे. संध्याकाळी मी तिथे भाजी चिरते. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा गलका चालू असतो. आणि दारापलीकडून, हळू आवाजात, कोणीतरी विचारतं की आज काय काय झालं. सुरुवातीला मी रेडिओ लावायची. मग एके दिवशी संध्याचा फोन येऊन पुन्हा काहीतरी कॅन्सल झालं होतं, माझं मन भरून आलं होतं, आणि मी उत्तर दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. हल्ली रोज बोलतो आम्ही. मी दाराला पाठ टेकून बसते. लाकूड तिथे उबदार असतं.

परवा त्याने विचारलं, पुढच्या दसऱ्याला माझ्यासाठी ताट करशील का.

मी अजून त्याला नाही म्हटलेलं नाही.